करार तयार करायचं काम वेबसाइटच्या आत आणलं: ई-सिग्नेचर एपीआयचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका वेब सिस्टिमचं आहे, कंपन्यांना माणसं पुरवणाऱ्या एजन्सी ती वापरतात. उमेदवार कोण, कुठल्या कंपनीत कधीपासून रुजू होणार, दर काय, हे सगळं तिथे भरलं जातं आणि प्रत्येक नेमणुकीला कागद निघतात, उमेदवाराशी करार, कंपनीशी करार, गोपनीयतेचा कागद आणि कधी कधी कंपनीने स्वतःचा पाठवलेला एखादा फॉर्म. ऑनलाइन सही घेणारी ई-सिग्नेचर सेवा एपीआयने, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलायच्या सोयीने, या सिस्टिमला जोडणाऱ्या टीममध्ये मी होतो. एजन्सी, कंपन्या आणि वापरलेली सेवा, कुणाचंच नाव इथे देत नाही, ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदललेत, पण निर्णय कुठे आणि का घ्यावे लागले तो भाग तसाच आहे.

आधी काम असं चालायचं. एजन्सीतली कोऑर्डिनेटर आमच्या सिस्टिममधून कराराची पीडीएफ डाउनलोड करायची, मग दुसऱ्या टॅबमध्ये ई-सिग्नेचरवाल्यांच्या साइटवर लॉगिन, तिथे फाइल अपलोड, सही करणाऱ्यांची नावं आणि ईमेल परत टाइप, मग पानावर सहीचा चौकोन ओढून ठेवायचा, तारखेचा ठेवायचा, प्रत्येक पानाखाली आद्याक्षरांचा ठेवायचा, कुठला चौकोन कुणाचा ते निवडायचं आणि पाठवायचं. सगळ्यांच्या सह्या झाल्या की पूर्ण झालेली फाइल डाउनलोड करून आमच्याकडे परत अपलोड करायची. थोडक्यात जी माहिती आमच्या डेटाबेसमध्ये आधीपासून होती तीच हाताने दुसरीकडे भरली जात होती आणि तिथला निकाल हाताने परत आणला जात होता.

अडचण नेमकी कुठे होती

एजन्सींची मागणी मात्र वेगळीच होती. त्यांना सही आमच्या पोर्टलवरच व्हायला हवी होती, उमेदवाराने ईमेलमधून दुसऱ्या साइटवर जायलाच नको. ऐकायला बरोबर वाटतं आणि टीममध्ये लगेच त्या दिशेने बोलणं सुरूही झालं, पण सपोर्टकडे आलेल्या जुन्या तक्रारी एका जागी काढून वाचल्या तेव्हा त्यात सही करणाऱ्यांच्या तक्रारी फारशा नव्हत्याच. ईमेल येतो, लिंक उघडते, माणूस सही करतो, संपलं. जे काही बिघडत होतं ते पाठवायच्या आधी नाहीतर सह्या झाल्यानंतर.

कोऑर्डिनेटरने फाइल डाउनलोड केल्यावर कुणीतरी सिस्टिममध्ये दर बदलायचा, आणि सही जुन्या दरावर व्हायची. उमेदवाराचा चौकोन चुकून मॅनेजरच्या नावावर लागायचा, मग उमेदवार कागद उघडायचा, त्याला भरायला काहीच नसायचं, तो शेवटचं बटण दाबून बाहेर पडायचा आणि कागद पूर्ण झाल्याचा ईमेल सगळ्यांना जायचा. आद्याक्षरं मधल्या एखाद्या पानावर राहायची. सह्या झालेली फाइल परत अपलोड करायची राहून जायची, मग आमच्या स्क्रीनवर कागद महिनोन्‌महिने 'प्रलंबित' दिसायचा आणि प्रत्यक्षात माणूस केव्हाच रुजू झालेला असायचा. यातली दुसरी चूक मला सगळ्यात धोक्याची वाटते, कारण ती बाहेरून दिसतच नाही, कागदावर पूर्णचा शिक्का असतो आणि आत सहीच नसते.

पहिला निर्णय: सही आत आणायची की तयारी

बहुतेक ई-सिग्नेचर एपीआयमध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या जोडता येतात. एक म्हणजे सही करण्याचं पान आपल्या साइटमध्ये आणणं, दुसरी म्हणजे कागद तयार करण्याचं, चौकोन ठेवण्याचं आणि पाठवण्याचं पान आणणं. दोन्ही एम्बेडच, म्हणजे सेवेचं पान आपल्या साइटमध्ये बसवणं, पण जबाबदारीत खूप फरक आहे.

सही आत आणली की सही करणारा माणूस खरंच तोच आहे हे ओळखण्याचं काम आपल्यावर येतं. ईमेलने पाठवलं तर निदान त्या मेलबॉक्सपर्यंत पोचणारा माणूस एवढा तरी पुरावा असतो. एम्बेड केल्यावर सेवा आपल्यावर विश्वास ठेवते, आपण सांगतो की हा अमुक आहे आणि ती ते मान्य करून सहीचं पान उघडून देते. डॉक्युसाइन या ई-सिग्नेचर सेवेत तर सही करणाऱ्याला आपल्या सिस्टिममधला ओळख क्रमांक (क्लायंट युजर आयडी) लावला की तो एम्बेडेड धरला जातो, त्याला नेहमीचा ईमेल जात नाही आणि सहीची लिंक आपणच त्याच्यापुढे ठेवायची असते. आमच्या उमेदवारांची आमच्या साइटवर खातीच नव्हती. त्यांच्यासाठी खाती, पासवर्ड, ओटीपी हे सगळं उभं करायचं आणि पुढे कधी वाद झाला तर ओळख आम्ही कशी पटवली ते दाखवायचं, तेही अशा ठिकाणी जिथे तक्रारच नव्हती. म्हणून सही ईमेलवरच ठेवली आणि तयारी आत आणायचं ठरलं. एजन्सींना हे पटवायला वेळ गेला, पण त्यांच्याच तक्रारी त्यांच्यासमोर ठेवल्यावर पटलं.

कुठले पर्याय होते

सगळ्यात सोपा पर्याय होता फक्त फाइल आणि नावं एपीआयने पुढे ढकलायची. आमच्या बटणावर क्लिक केलं की सेवेकडे ड्राफ्ट तयार होणार, बाकी सगळं माणसाने त्यांच्या साइटवर करायचं. टायपिंग वाचलं असतं, चौकोनांचा गोंधळ तसाच राहिला असता.

दुसरा पर्याय त्यांचा एडिटरच, म्हणजे चौकोन ठेवायचं पानच, आपल्या साइटमध्ये उघडायचा. ड्राफ्ट एपीआयने बनवायचा, मग त्या ड्राफ्टसाठी एडिटरची तात्पुरती लिंक मागायची, कोऑर्डिनेटर तिथे चौकोन ठेवणार, पाठवा दाबणार आणि परत आमच्या पानावर येणार. वेगवेगळ्या सेवांमध्ये याची नावं वेगळी, डॉक्युसाइनमध्ये सेंडर व्ह्यू, ड्रॉपबॉक्स साइनमध्ये एम्बेडेड रिक्वेस्टिंग, पण कल्पना तीच.

तिसरा पर्याय स्वतःचा एडिटर. ब्राउझरमध्ये पीडीएफ दाखवणारी मोझिलाची पीडीएफ डॉट जेएस लायब्ररी वापरून पान दाखवायचं, त्यावर चौकोन ओढू द्यायचे आणि त्यांच्या जागा एपीआयला पाठवायच्या. डेमो पटकन होतो, म्हणून हा पर्याय फार मोहात पाडतो. खरी गोष्ट पुढे आहे. पीडीएफ पॉइंटमध्ये मोजते, १ पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग, ए४ पान साधारण ५९५ बाय ८४२ पॉइंटचं असतं आणि मोजणी खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू होते. ब्राउझर वरच्या डाव्या कोपऱ्यातून मोजतो. काही एपीआयही वरूनच मोजतात. एवढं गणित कुणीही करेल, पण मग स्कॅनरमधून आलेली फाइल येते, पान आडवं साठवलेलं आणि वर फिरवण्याची खूण लावलेली, किंवा क्रॉपबॉक्स (पानाचा दिसणारा भाग) हा मीडियाबॉक्सपेक्षा (पूर्ण पानापेक्षा) लहान असलेली फाइल येते, आणि चौकोन सहीच्या ओळीऐवजी परिच्छेदाच्या मधोमध जाऊन बसतो. कंपन्या आपापले फॉर्म पाठवत होत्या, म्हणजे अशा फाइली येणारच होत्या.

चौथा पर्याय एडिटर नकोच. कागद आमच्याच सिस्टिममधून बनतोय, दर, नाव, तारीख आम्हीच छापतोय, मग सही कुठे येणार तेही आम्हाला माहीत आहे. पीडीएफ बनवतानाच तिथे एक खुणेचा मजकूर सोडायचा आणि सेवेला सांगायचं की ही खूण जिथे सापडेल तिथे अमुक माणसाचा सहीचा चौकोन ठेव. याला अँकर म्हणतात, काही ठिकाणी टेक्स्ट टॅग.

डॉक्युसील, डॉक्युमेन्सो अशी ओपन सोर्स सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचा विचारही झाला, पण सह्यांचे पुरावे वर्षानुवर्षं सांभाळायची जबाबदारी घ्यायची आमची तयारी नव्हती, तेव्हा तो तिथेच थांबला.

काय ठरलं

दोन रस्ते ठेवले. जे कागद आमच्या सिस्टिममधून बनतात त्यांना एडिटर नाही, अँकरवर चालायचं, कोऑर्डिनेटरने फक्त पाठवायचं. जे कागद बाहेरून येतात, कंपनीचा स्वतःचा फॉर्म वगैरे, त्यांना सेवेचा एडिटर. स्वतःचा एडिटर बाद.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. एडिटर एम्बेड करणं म्हणजे चौकोन चुकीच्या जागी ठेवण्याची सोय माणसाला जास्त जवळ आणून देणं, जिथे चौकोनाची जागा आधीच माहीत आहे तिथे ती सोय काढून घेणंच बरं. एम्बेड म्हटलं की सगळं लक्ष एडिटर किती छान बसवला याकडे जातं आणि किती कागदांना एडिटर लागतच नाही हे कुणी मोजत नाही.

अँकरचं काम

पहिल्यांदा खूण म्हणून कागदावरचाच शब्द वापरून बघितला. 'स्वाक्षरी' असं जिथे छापलंय तिथे चौकोन. ते दोन कारणांनी पडलं. एक म्हणजे 'उभय पक्षांच्या स्वाक्षरीनंतर हा करार लागू होईल' असं वाक्य कलमांमध्ये असतंच आणि तिथेही चौकोन यायला लागला. दुसरं म्हणजे पीडीएफमध्ये मजकूर अक्षरांच्या आकृत्यांच्या रूपात साठवलेला असतो, त्या आकृत्यांवरून मूळ अक्षरं परत काढायची तर नकाशा बरोबर असावा लागतो, आणि देवनागरीत जोडाक्षरं, र्‍हस्व वेलांटी यांच्या बाबतीत तो नकाशा बऱ्याचदा तुटका निघतो. डोळ्यांना 'स्वाक्षरी' दिसते आणि शोधणाऱ्या प्रोग्रामला भलतंच काहीतरी मिळतं. पीडीएफमधला देवनागरी मजकूर कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केलेल्या माणसाला हा अनुभव असेलच.

मग कागदात दुसरीकडे कधीच येणार नाही अशी खूण ठरवली, बॅकस्लॅश, रोमन अक्षर, आकडा आणि परत बॅकस्लॅश, पांढऱ्या रंगात आणि बारीक टायपात. शेवटचा बॅकस्लॅश हौस म्हणून नाही, तो नसेल तर १ नंबरची खूण शोधताना १० नंबरची पण सापडते आणि पहिल्या माणसाचा चौकोन दहाव्या जागी जातो. आणि खूण सापडलीच नाही तर काय, हे आधीच ठरवून टाकलं, कागद पाठवायचा नाही, एरर दाखवायचा. बऱ्याच एपीआयमध्ये खूण सापडली नाही तर गुपचूप दुर्लक्ष करायची सोय असते, ती आम्ही सहीच्या चौकोनासाठी बंद ठेवली. दुर्लक्ष केलं असतं तर सहीशिवाय पूर्ण झालेले कागद परत सुरू झाले असते, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

एडिटर उघडताना आलेले प्रश्न

एडिटर आयफ्रेममध्ये, आमच्याच पानाच्या चौकटीत बसवायचा हा पहिला विचार. डेव्हलपरच्या मशीनवर झकास चालला. सफारी वापरणाऱ्यांना मात्र आत परत परत लॉगिनचं पान दिसायला लागलं. कारण कुकी, म्हणजे माणसाचं लॉगिन लक्षात ठेवायला साइट ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद. आयफ्रेममधली साइट ही ब्राउझरच्या नजरेत परकी साइट असते, सफारीने मार्च २०२० पासून परक्या साइटच्या कुकी सरसकट बंद केल्यात, क्रोमनेही फेब्रुवारी २०२० मध्ये ८० व्या आवृत्तीपासून सेमसाइट (कुकी परक्या साइटच्या आत चालावी का हे सांगणारी खूण) सांगितलेलं नसेल तर लॅक्स, म्हणजे आयफ्रेममध्ये चालू नये असं, धरायला सुरुवात केली, त्यामुळे सेवेने आपली कुकी नीट मांडली नसेल तर सेशन टिकत नाही. आपल्या बाजूने यात काही करता येत नाही. शिवाय मोबाइलवर आयफ्रेमच्या आत स्क्रोल आणि बाहेर पानाचं स्क्रोल, त्यात चौकोन ओढायचा, हे कुणालाच जमत नव्हतं. आयफ्रेम काढून टाकली आणि पूर्ण पान रिडायरेक्ट केलं, काम झालं की रिटर्न यूआरएलने, म्हणजे आधीच सांगून ठेवलेल्या पत्त्यावर, परत. साइटच्या आत असल्याचा भास थोडा कमी झाला पण कुणी तक्रार केली नाही, वरती लोगो आणि रंग आपले ठेवता येत होते तेवढं पुरलं.

एडिटरची लिंक थोडाच वेळ चालते आणि एकदाच वापरता येते, बऱ्याच सेवांमध्ये असंच आहे आणि ते योग्यच आहे. त्यामुळे लिंक पान लोड होताना मागून ठेवायची नाही, क्लिक झाल्यावरच मागायची आणि माणसाला लगेच तिथे पाठवायचं. ती डेटाबेसमध्ये साठवायची नाही, ईमेलने तर अजिबात पाठवायची नाही.

आता त्याहून मोठा प्रश्न. एडिटरमध्ये गेलेला माणूस फक्त चौकोन ठेवत नाही, तो सही करणाऱ्याचा ईमेल बदलू शकतो, फाइल काढून दुसरी घालू शकतो. आमच्या सिस्टिममध्ये एक कागद नोंदलेला आणि गेला भलताच, असं होऊ शकत होतं. सेवेच्या सेटिंगमध्ये फाइल बदलायचं बटण लपवता आलं, ईमेल बदलायचं मात्र उघडंच ठेवलं कारण शेवटच्या क्षणी चुकीचा ईमेल दुरुस्त करणं ही खरी गरज होती. मग नियम केला की पाठवल्यावर सही करणाऱ्यांची यादी एपीआयने परत वाचायची आणि ती आमच्या नोंदीशी जुळत नसेल तर कोऑर्डिनेटरला फरक दाखवून विचारायचं. गुपचूप कुठलीच बाजू दुसरीवर लिहायची नाही.

कुणाच्या नावाने पाठवायचं

एपीआयला टोकन, म्हणजे डिजिटल प्रवेशपास, लागतं आणि टोकन कुणाचं तरी असतं. सोपा मार्ग म्हणजे सिस्टिमचंच एक सर्व्हिस खातं, सर्व्हरवर जेडब्ल्यूटीने (माणसाने लॉगिन न करता ओळख पटवायची पद्धत) टोकन घ्यायचं, सगळे कागद त्याच खात्यातून. अँकरच्या रस्त्याला हे ठीक चाललं. एडिटरच्या रस्त्याला नाही, कारण एडिटरमध्ये येणारा माणूस त्या खात्याच्या नावाने आत येतो आणि आम्ही वापरलेल्या सेवेत तिथल्या मेनूमधून खात्यातले इतर ड्राफ्टही दिसत होते. एका एजन्सीला दुसऱ्या एजन्सीचे करार दिसणं म्हणजे सगळंच संपलं. हे टेस्टिंगमध्येच सापडलं हे नशीब, कारण टेस्टिंगला एकच एजन्सी असती तर सापडलंही नसतं.

म्हणून प्रत्येक एजन्सीला वेगळं उपखातं आणि एडिटर वापरणाऱ्या प्रत्येक कोऑर्डिनेटरची स्वतःची ओऑथ परवानगी, म्हणजे तिच्या खात्याने काम करायची सिस्टिमला तिने स्वतः दिलेली मुभा. एकदा परवानगी देताना लोकांना एक पान जास्त बघावं लागतं, पण त्यामुळे ऑडिट ट्रेलमध्ये (कुणी कधी काय केलं याच्या नोंदीत) पाठवणारा म्हणून खऱ्या माणसाचं नाव येतं आणि सही करणाऱ्याला मिळणाऱ्या ईमेलमध्येही ओळखीचं नाव दिसतं. अनोळखी नावाने आलेला करार लोक उघडत नाहीत, आणि त्यांनी उघडू पण नये.

पाठवलं गेलं की नाही हे कोण सांगणार

एडिटरमधून परत येताना रिटर्न यूआरएलला एक घटना जोडलेली येते, पाठवलं, ड्राफ्ट ठेवला, रद्द केलं, सेशन संपलं असं काहीतरी. त्यावरच स्टेटस बदलायचं असं पहिल्या आराखड्यात होतं, पण यूआरएलमधली गोष्ट कुणीही हाताने बदलू शकतो आणि मुख्य म्हणजे माणूस पाठवा दाबून टॅबच बंद करतो, परत येतच नाही. तेव्हा रिटर्नवर फक्त स्क्रीनवरचा संदेश ठरवायचा आणि एकदा एपीआयला विचारून खातरजमा करायची, खरी नोंद वेबहुकवरून, म्हणजे काही घडलं की सेवा आपणहून आमच्या सर्व्हरला पाठवते त्या संदेशावरून.

वेबहुकमध्ये वेळ गेला तो संदेश खरंच सेवेकडूनच आलाय का हे तपासण्यात. सेवा प्रत्येक संदेशासोबत एचमॅक नावाचा पडताळणीचा कोड पाठवते, आलेल्या बॉडीवर (संदेशाच्या मजकुरावर) गुप्त किल्लीने एसएचए-२५६ चालवून ते जुळतंय का बघायचं. आमचा फ्रेमवर्क बॉडी आधीच वाचून, तिचं जेसन (माहिती लिहायचा एक साचा) उलगडून ऑब्जेक्ट करून ठेवायचा, ते परत मजकुरात बदललं की एखादी स्पेस किंवा आकड्याचं रूप बदलायचं आणि जुळायचंच नाही. बाइट्स जशा आल्या तशाच, पार्स करायच्या आधी तपासायच्या, हा एक बदल केल्यावर सगळं सुरळीत. तपासून झालं की संदेश क्यूमध्ये (नंतर करायच्या कामांच्या रांगेत) टाकायचा आणि लगेच २००, म्हणजे 'मिळालं', असं उत्तर द्यायचं, तिथेच बसून फाइल डाउनलोड करत राहिलं तर सेवेला वाटतं उत्तर आलं नाही आणि ती तोच संदेश परत पाठवते. तसेही संदेश दोनदा येतात आणि क्रमाने येतातच असं नाही, 'पूर्ण' आधी आणि 'पाठवलं' नंतर असं आम्ही बघितलंय. म्हणून स्टेटसला क्रम दिला, पुढे गेलेला कागद मागच्या संदेशाने मागे येत नाही.

आणि वेबहुक हरवूही शकतो. त्यासाठी रोज रात्री एकदा, अर्धवट दिसणाऱ्या कागदांची खरी स्थिती विचारणारा जॉब (आपोआप चालणारा प्रोग्राम) लावला. दर मिनिटाला विचारत बसायचं नाही, डॉक्युसाइनचा तर स्पष्ट नियम आहे की एकाच एन्व्हलपची (सहीसाठी पाठवलेल्या संचाची) स्थिती १५ मिनिटांत एकापेक्षा जास्त वेळा विचारू नये, आणि दुसऱ्या सेवांच्याही मर्यादा असतातच.

सह्या झालेल्या फाइलला हात लावू नये

हे प्रकरण संपलंय असं वाटत असताना एका कंपनीच्या वकिलांनी विचारलं की पीडीएफ उघडल्यावर अ‍ॅक्रोबॅट सही अवैध का दाखवतं. सेवेकडून आलेली फाइल बरोबर होती. आमच्याकडे मात्र एक जुना जॉब होता, साठवताना प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात फाइल नंबर छापणारा, कागदी फाइलींच्या काळापासूनचा. पूर्ण झालेल्या पीडीएफला सेवा डिजिटल सील लावते, ते सील फाइलच्या ठराविक बाइट्सवर हिशोब करून लावलेलं असतं, जॉब ती फाइल पूर्ण नव्याने लिहायचा, त्यात एक बाइट जरी बदलला तरी हिशोब जुळत नाही. फाइल नंबर आता पाठवायच्या आधी, पीडीएफ बनतानाच छापतो. आलेली फाइल जशीच्या तशी ठेवतो, सोबत तिचा हॅश (फाइलवरून काढलेला, ती बदलली की बदलणारा कोड) आणि सेवेकडचं ऑडिट ट्रेलचं पान. आधीच्या कागदांच्या मूळ प्रती सेवेकडे होत्या म्हणून त्या परत उतरवून घेता आल्या, नसत्या तर अवघड होतं.

कायद्याचा भाग थोडक्यात. अमेरिकेचा ई-साइन कायदा २००० सालचा, युरोपियन युनियनचा ईआयडास नियम २०१४ चा, भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा, इलेक्ट्रॉनिक सहीला मान्यता सगळीकडे आहे पण कुठल्या कागदाला कुठल्या दर्जाची सही लागते आणि कुठला कागद मुळात वगळलाय हे सगळीकडे सारखं नाही. इच्छापत्र बऱ्याच ठिकाणी वगळलेलं असतं. आम्ही प्रत्येक टेम्प्लेटला एक खूण ठेवली की हा इलेक्ट्रॉनिक चालतो की नाही, आणि ती बदलायचा अधिकार फक्त एजन्सीच्या कायदेशीर सल्लागाराला. डेव्हलपरने हे ठरवू नये.

परिणाम

आमच्याच सिस्टिममधून बनणाऱ्या कागदांमध्ये चुकीच्या माणसाच्या नावावर चौकोन ही तक्रार थांबली, जुन्या दराची पण थांबली, कारण पीडीएफ पाठवायच्या क्षणीच बनते. 'प्रलंबित' दिसणारे पण झालेले कागद आता दिसत नाहीत. एडिटरच्या रस्त्यावर चुका अजून होतात, कमी होतात, पण होतात, आणि त्या तशा होणार हे धरूनच तो रस्ता ठेवलाय.

एक गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती. एडिटर गेल्यावर कोऑर्डिनेटर अस्वस्थ झाल्या. आधी पान डोळ्यांसमोर असायचं, चौकोन स्वतः ठेवलेला असायचा, आता एक बटण दाबलं की कागद गेला, आत काय गेलं ते कळत नव्हतं. काहीजणी तर स्टँडर्ड करारसुद्धा बाहेरचा कागद म्हणून अपलोड करून एडिटरमधून पाठवायला लागल्या, म्हणजे जुन्याच चुकांना परत दार उघडलं. मग प्रिव्ह्यू बनवला. आधी ड्राफ्ट करायचा, सेवेने अँकरवरून चौकोन कुठे बसवले त्या जागा एपीआयने परत घ्यायच्या आणि पानाच्या चित्रावर रंगीत चौकटी दाखवायच्या, प्रत्येक सही करणाऱ्याचा रंग वेगळा. बघायचं फक्त, हलवायचं नाही. हे आल्यावर त्या आपणहून अँकरच्या रस्त्यावर परत आल्या.

वेगळं काय करता आलं असतं

प्रिव्ह्यू पहिल्या दिवसापासून हवा होता. माणसाच्या हातातून काम काढून घेताना त्याची नजर काढून घ्यायची नसते, आणि हे कोऑर्डिनेटरच्या शेजारी बसून कच्चा नमुना दाखवला असता तरी लगेच कळलं असतं. दुसरं, वेबहुक आणि रात्रीचा जॉब एडिटरच्या आधी बांधायला हवे होते. मधल्या काळात रिटर्न यूआरएलवर भरवसा ठेवून झालेल्या नोंदी नंतर हाताने तपासाव्या लागल्या. तिसरं, सेवा निवडताना किंमत, एसडीके (डेव्हलपरसाठी तयार कोडचा संच), दिसायला एडिटर कसा हे सगळं बघितलं गेलं, पण एडिटरमध्ये काय काय बंद करता येतं आणि आतला माणूस कुठपर्यंत फिरू शकतो हे विचारलं गेलं नाही. मला विचाराल तर हा प्रश्न पहिल्या बैठकीत विचारायचा, आणि उत्तर टेस्ट खात्यात दोन वेगळ्या ग्राहकांची खाती उघडून स्वतः तपासायचं. टेस्ट खात्यातल्या सह्यांना कायदेशीर किंमत नसते आणि तिथले टेम्प्लेटचे आयडी खऱ्या खात्यात चालत नाहीत, तेव्हा आयडी कोडमध्ये लिहून ठेवू नयेत, कॉन्फिगमध्ये (वेगळ्या सेटिंग्ज फाइलमध्ये) ठेवावेत, हेही ओघात सांगतो.

एक विषय अजून पूर्ण सुटलेला नाही, तो म्हणजे पाठवल्यानंतरची दुरुस्ती. एकाची सही झाली आणि दुसऱ्याने दर चुकलाय म्हणून सांगितलं तर काय. एपीआय चालू कागदात दुरुस्ती करू देतो, पण पहिल्याने ज्या मजकुरावर सही केली तो मजकूर बदलणं आम्हाला मान्य नव्हतं. सध्याचा नियम असा की ईमेल, नाव, स्मरणपत्रं एवढंच दुरुस्त करता येतं, मजकुराला धक्का लागणार असेल तर कागद कारण लिहून रद्द करायचा, नवा बनवायचा, जुन्याचा नंबर नव्यावर छापायचा आणि सगळ्यांच्या सह्या परत घ्यायच्या. एजन्सींना हे जाचक वाटतं, दर आठवड्याला कुणीतरी सवलत मागतं. दोन्ही रस्त्यांना नियम तोच ठेवलाय, आणि निदान सह्या झालेल्या कागदाच्या बाबतीत तो सैल करायला मी तरी हो म्हणणार नाही.